सत्तावन्न चपात्या

मालनताई जगदाळ्यांवर इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार गोड शब्द लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणाले. गोड लिहिणं माझ्या हाताला नाही. आणि मालनताईंबद्दल खरं लिहायचं तर सुरुवातच अशी करावी लागेल की चार वर्षं मी त्यांच्यावर जळत होते. नुसती कुरकुर नव्हे, चांगला जळफळाट. आता त्या चंदीगड सोडून गावी गेल्या, सुखात आहेत, तरी परवा कुणी कौतुकानं त्यांचं नाव काढलं आणि माझ्या पोटात दुखलंच.

आमची बदली इथे झाली ती दोन-तीन वर्षांसाठी म्हणून. सोळा वर्षं झाली. आल्या आल्या मी मंडळाचा वाचनकट्टा सुरू केला. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, आमच्या सरकारी क्वार्टरच्या हॉलमध्ये. एक पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं. मी मराठीची एम.ए., तीही सुवर्णपदकासह, लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात शिकवलेली. बाकीची मंडळी सरकारी नोकरीतली, बँकेतली, एक जोशी म्हणून नॉलेज सिटीतल्या विज्ञानसंस्थेत भौतिकशास्त्र शिकवणारे. सगळे बोलून दमले की मी चष्मा काढून विचारायचे, "पण लेखकाला नेमकं काय म्हणायचंय?" सगळे गप्प व्हायचे. मग मीच सांगायचे. बारा वर्षं माझा शब्द शेवटचा होता. ह्यात फुशारकी आहे, मान्य आहे मला.

मग एका रविवारी मालनताई आल्या. चंदीगडबाहेरच्या खरड गावाहून दोन बस बदलून, हातात स्टीलचा डबा, बगलेत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक, आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. सातारा जिल्ह्यातल्या. यजमान एका कंपनीत मेकॅनिक, आणि त्या स्वतः खरडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये मेस चालवायच्या. तिकडच्या खासगी कॉलेजांत शिकायला आलेली आपली मराठी मुलं दोन वेळा त्यांच्याकडे जेवायची. मंडळाच्या गणपतीत प्रसादाचं जेवण त्यांनी केलं होतं, तेव्हा मीच म्हटलं होतं, या की कधीतरी कट्ट्यावर. असं आपण म्हणतो, कुणी येत नाही. त्या आल्या.

मला त्या 'बाई' म्हणायच्या, शाळेतल्या बाई. "म्या सातवी शिकलीय बाई, फुडं लगीन झालं," असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या, पण वाचून दाखवायची वेळ आली की पुन्हा उभ्या. बसून वाचलं की त्यांना झोप यायची. घरी सगळं वाचन ओट्यापाशी, पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून, एकीकडे लाटणं चालू. त्यांच्या हातून परत आलेल्या मंडळाच्या प्रत्येक पुस्तकाची पानं झटकली की पीठ पडायचं. मंडळाची ग्रंथपालही मीच, म्हणून दोनदा बोलले. "व्हय की बाई, चुकलंच," म्हणायच्या आणि पुढच्या पुस्तकातून पुन्हा पीठ.

बाजारातही मी त्यांना पाहिलंय. भाजीवाल्याशी हिंदी बोलायच्या ती अशी, "भाजी, ये मेथी कालकी है, आजकी दिखाव." (इथे 'भाजी' म्हणजे भाऊ.) पंजाबी सरदारजी मुकाट्यानं खालून ताजी जुडी काढायचा. मला सोळा वर्षांत त्यानं खालची जुडी कधी दिली नाही.

वाचायची त्यांची एक रीत होती. पुस्तकात कोण जेवलं आणि कुणी वाढलं, एवढंच त्या बघायच्या. धडा संपला की समासात पेन्सिलीनं गोल गोल अक्षरात लिहायच्या, 'हिला कुणी इचारलं न्हाई', 'ह्यो दोनदा जेवला'. मंडळाच्या पुस्तकात पेन्सिल! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांच्या पहिल्या वर्षी आम्ही एक कौटुंबिक कादंबरी वाचली. त्यातली सासू म्हणजे कजाग, खाष्ट, सगळ्यांनी तिला झोडपली. मी तर तिला सत्तेचं प्रतीक वगैरे ठरवून मोकळी झाले. मालनताई शेवटी एवढंच बोलल्या की तीनशे पानांत ही सासू समद्यांना वाढती, पण ती जेवल्याली एकदाबी लिहिलेलं न्हाई. आम्ही हसलो. जोश्यांनी तिथल्या तिथे पुस्तक चाळलं, आणि हसणं थांबलं. खरंच नव्हतं लिहिलेलं. त्या दिवशी 'लेखकाला नेमकं काय म्हणायचंय' हे मी विचारलंच नाही. विचारायला काही उरलं नव्हतं. निघताना जोशी मालनताईंना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. मला बारा वर्षांत त्यांनी कधी फाटकापर्यंतही सोडलं नव्हतं, अर्थात घर माझंच होतं, पण तरी.

मग आम्ही एक युद्धकादंबरी वाचायला घेतली. नाव मुद्दाम सांगत नाही. बर्फातली एक चौकी, तिथे अडकलेली सगळी मिळून एकोणीस माणसं, शत्रूचा मारा, आणि त्यांच्यातला तरुण अधिकारी सगळी हकिगत स्वतः सांगतोय, असं पुस्तक आहे. शेवटी दिल्लीत त्याच्या छातीवर पदक लावतात आणि तो मान खाली घालतो. लेखकानं काही वर्षं सैन्यात काढली, एवढंच मागच्या पानावर छापलेलं. अर्थात तो अधिकारीच असणार, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

ह्या पुस्तकावर मी चार पानी निबंध लिहिला. तीन आठवडे खपून. कारण उघड सांगते, मला मालनताईंच्या आधी आणि मालनताईंच्या वर बोलायचं होतं. युद्धात जेवणाखाण्याचं काय असणार, इथे तरी त्यांचं काही चालणार नाही, असं मनात धरून मीच ते पुस्तक निवडलं होतं. निबंधात मी सिद्ध केलं की पदक हेच कादंबरीचं मर्म आहे, आणि शौर्याचा गौरव किती पोकळ असतो हे दाखवणं हाच लेखकाचा हेतू आहे. शिवाय शेवटी, निःपक्षपातीपणा दिसावा म्हणून, एक दोषही दाखवला. चौकीवरचा लांगरी, म्हणजे पलटणीतला स्वयंपाकी, सकाळी सत्तावन्न चपात्या लाटतो असं लेखक सुरुवातीला सांगतो. माणशी तीन, एकोणीस माणसं, हिशेब बरोबर. पण पुढे चार जवान पडतात, नंतर आणखी तीन, तरी दर वेळी आकडा सत्तावन्नच. 'इतक्या गंभीर कलाकृतीत हा निष्काळजीपणा खटकतो,' असं मी लिहिलं होतं. वाचून दाखवताना त्या वाक्यावर मी जरा थांबलेसुद्धा. माझ्यासारखं बारकाईनं कोण वाचतं, हे लोकांना कळावं म्हणून.

टाळ्या झाल्या. मालनताईंनीही वाजवल्या. मग उभ्या राहिल्या आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून हातात फिरवत राहिल्या.

"बाई, त्यो आकडा चुकलेला न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. परीक्षा संपून दोन मुलं गावी गेली की मेसच्या सहा चपात्या कमी करायच्या, हे डोक्याला ठाऊक असतं. हाताला नसतं. हात आठ दिवस ऐकत नाही. मोजून कणीक घेतली तरी गोळे तेवढेच होतात. हे गावी गेलेल्या मुलांचं, जी चार महिन्यांनी परत यायची असतात. जी परत यायचीच नाहीत, त्यांच्या वाटणीच्या चपात्या कमी लाटायच्या कुणी? त्या लांगऱ्याच्यानं ते झालं नाही, एवढंच ह्या पुस्तकात आहे. पाच ठिकाणी तो आकडा येतो, त्यांनी पाचही पानांवर खूण केली होती.

"आनि हे पुस्तक सायबानं लिवलेलं न्हाई," त्या पुढे म्हणाल्या. "ह्यात तीनदा लिवलंय, आज कनीक घट्ट झाली. सायबाला कनीक घट्ट का सैल, कशाला कळतंय? त्येच्याम्होरं चपाती येती. हे लांगऱ्यानं लिवलंय."

माझी लेक कधी नव्हे ती आतल्या खोलीतून येऊन दारात ऐकत उभी होती. मराठी तिला समजतं, बोलत नाही. सगळे गेल्यावर कप उचलताना ती म्हणाली, "मम्मा, आंटी सही बोल रही थीं ना?" मी तिला म्हटलं, आधी ते कप नीट धर.

मला काय झोंबलं ते सांगते. मला तो आकडा दिसला नसता, तर मी म्हटलं असतं, चला, ही बाई मेसवाली, तिला दिसणारच. पण मलाही तो दिसला होता. पाचही ठिकाणी दिसला होता. मी त्याच्यावर लाल रेघ मारली होती. सुवर्णपदक मिळालेल्या डोळ्यांना जे चूक वाटलं, तेच पुस्तक होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकांना पत्र टाकलं. जोशी 'वा, छान कल्पना' म्हणाले. त्यांना वाटलं मी मालनताईंसाठी लिहितेय. मी लिहीत होते ते मालनताईंना खोटं पाडायला. अतिशय नम्र भाषेत मी लिहिलं की आमच्या एका सदस्या, ज्यांचं औपचारिक शिक्षण फारसं नाही, आपल्या कादंबरीचा असा असा अर्थ लावतात, तरी आपला मूळ हेतू कळवावा. 'औपचारिक शिक्षण फारसं नाही' हे शब्द मी मुद्दाम घातले, आणि घालताना मला बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आखीव कागदावर, निळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात.

'आपण हेतू विचारलात. मी त्या चौकीवर लांगरी होतो. पदक ज्यांना मिळायचं त्यांना मिळालं, ते योग्यच होतं. माझ्या हातून चपात्या कमी झाल्या नाहीत, एवढं एकच मला लिहायचं होतं. ते सरळ लिहिलं असतं तर कुणी छापलं नसतं, म्हणून भोवती दोनशे पानं लिहिली आणि साहेबांच्या तोंडी घातली. पुस्तक येऊन चौदा वर्षं झाली. मुद्रणदोष म्हणून तो आकडा दोघा-तिघांनी कळवला. बाकी कुणी काही म्हणालं नाही. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. खाली फोन नंबर देतो. त्यांच्याशी बोलायची इच्छा आहे. माझं वय एक्याऐंशी, ऐकू अजून नीट येतं, तेव्हा जरा लवकर जमवावं.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. 'आपला निबंध पाहायला आवडेल' वगैरे सुद्धा नाही. दोघा-तिघा मुद्रणदोषवाल्यांत मी मात्र होते. मी पत्राची घडी घातली आणि कपाटात, एम.ए.च्या सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवून दिलं.

पुढच्या कट्ट्यावर जोश्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, उत्तर आलं का? मी नाही म्हणाले. इतकं सहज म्हणाले की मलाच आश्चर्य वाटलं. मालनताई म्हणाल्या, "म्हातारं मानूस आसंल बाई. लिवायला जमलं नसंल."

एकदा मी ते पत्र पर्समध्ये घालून खरडला गेले होते. हे कुणाला माहीत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जिन्यापर्यंत फोडणीचा वास, जमिनीवर सतरंजी आणि पंगतीत बसलेली मुलं. मालनताई ओट्याशी, समोर पिठाच्या डब्याला टेकवलेलं पुस्तक. एका मुलाला मान न वळवता म्हणाल्या, "आज तिसरी न्हाई घेतलीस. घरचा फोन आल्ता का?" मुलगा म्हणाला, हो काकू, बाबांचं ऑपरेशन ठरलंय. त्यांनी लाटणं ठेवलं, त्याच्याजवळ जाऊन बसल्या, आणि तो जेवेपर्यंत उठल्या नाहीत.

मला वाटलं, ही बाई पुस्तक वाचते तसंच माणूस वाचते, आणि तिला कुणी शिकवलेलं नाही. मी आयुष्यभर शिकले. तेव्हा मला इतका राग आला की मी पर्सची चेन उघडलीच नाही. जवळच एकीकडे आले होते, म्हटलं डोकावून जावं, असं काहीतरी सांगितलं. त्यांनी मला जेवायला बसवलं. ताटात तिसरी चपाती पडेपर्यंत मी नको म्हणू शकले नाही.

पत्र आठ महिने फाइलमध्ये राहिलं. सर्टिफिकेट काढायचं काम पडत नव्हतं, तरी मी ती फाइल अधूनमधून उघडायचे. वर्तमानपत्रात निधनवार्तांचं पान आधी बघायची सवय लागली मला. लेखकाचं नाव नाही ना, एवढं बघायचे आणि मग चहा घ्यायचे. एक्याऐंशी वर्षांचा माणूस फोनची वाट बघतोय आणि त्याचा फोन मी अडवून धरलाय, हे मला अगदी स्वच्छ कळत होतं. कळूनही देववत नव्हतं. मत्सर म्हणजे काय, हे मी वर्गात फार छान समजावून सांगायचे.

यजमान निवृत्त झाले आणि जगदाळ्यांचं गावी जायचं ठरलं. कट्ट्यावर छोटासा निरोप समारंभ केला. चार शब्द बोला म्हटल्यावर मालनताई उभ्या राहिल्या, पदराला हात पुसले, हात कोरडेच होते. म्हणाल्या की आदी म्या नुसतीच वाचायची, येळ जावा म्हनून. बाई दर बारीला इचारायच्या, लेखकाला काय म्हनायचंय. त्यो सवाल म्या घरी घिऊन जायची, चपात्या लाटताना घोळवायची. बाईंनी इचारलं नसतं, तर मला काय बी दिसलं नसतं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कौतुकानं. मला आनंद व्हायला हवा होता. मला ती फाइल दिसत होती. ज्या बाईवर मी जळले, ती सगळं श्रेय माझ्या ओटीत घालून मोकळी झाली होती, आणि मी तिच्या हक्काचा एक कागद दाबून बसले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं निरोपाचं आहे.

त्या निघायच्या दिवशी सकाळी मी पत्रावरचा नंबर लावला. तीन-चार रिंगनंतर म्हातारा, खणखणीत आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?" माणूस जिवंत होता. 'लेखकाला नेमकं काय म्हणायचंय' हे आता मी लेखकालाच सरळ विचारू शकत होते. पण मी कोण बोलतेय, हे सांगायला मला सुचेना. मी फोन ठेवला आणि रिक्षा बोलावली.

दिल्लीची दुपारची गाडी होती, पुढे दिल्लीहून पुण्याची. प्लॅटफॉर्मवर जगदाळे भाऊ बोचकी चढवत होते. मालनताईंनी मला पाहिलं आणि पिशवीतून डबा काढला. "तुमच्या वाटनीच्या हायती. आता आठ दिस जास्तच होनार बगा," असं म्हणून हसल्या. मी डबा घेतला आणि पत्र दिलं. तोंडानं काही बोलले नाही.

त्यांनी ते तिथेच, उभ्यानं वाचलं. ओठ हलवत, सावकाश. एकदा शेवटपर्यंत गेल्या आणि पुन्हा वर आल्या. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. त्यांचं बोट तारखेवर थांबलं. तिथे ते किती वेळ होतं ते मला माहीत नाही, मी डब्याच्या झाकणाकडे बघत होते.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यो नंबर लागंल का आजून?"

"लागतो," मी म्हटलं. "सकाळीच बघितलाय."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. काहीतरी लागेलसं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भाऊंनी गाडीच्या डब्यातून हाक मारली, तशी पत्र मुठीत धरून त्या वर चढल्या.

गाडी एसी चेअर कारची, खिडक्यांना जाड बंद काचा. मी काचेशी उभी राहिले. आत सगळे आपापल्या जागी बसले होते आणि मधल्या वाटेत एकट्या मालनताई उभ्या. एका हातात पत्र, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावलेला. आधी नुसत्याच ऐकत होत्या. मग काहीतरी बोलल्या. मग हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. पलीकडून तो म्हातारा बराच वेळ बोलत असावा, कारण त्या मान हलवत राहिल्या, व्हय, व्हय अशी. पेन्सिल अंबाड्यातच होती. त्यांना काही लिहून घ्यायची गरज पडत नव्हती.

गाडी हलली. त्यांनी बाहेर बघितलं नाही. मी दोन पावलं काचेबरोबर चालले. सोळा वर्षं मी चष्मा काढून लोकांना विचारत आले की लेखकाला नेमकं काय म्हणायचंय. लेखक ते स्वतः सांगत होता, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता.